पगारातून वसुली: आधी चोवीस महिन्यांचा हिशेब मांडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ओळखीतल्या एकाला तुम्ही ३,६०,००० रुपये हातउसने दिले. त्याने ते परत केले नाहीत, म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये कराडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. सप्टेंबर २०२२ मध्ये निकाल तुमच्या बाजूने लागला: मूळ रक्कम, दावा दाखल केल्यापासून सालीना सहा टक्के व्याज आणि कोर्टखर्च. तेव्हापासून आजतागायत एक रुपया आलेला नाही. तो माणूस चाकणला एका खासगी कंपनीत सुपरवायझर आहे, पगार साधारण ४३,००० रुपये. कोणी सांगतं अर्धा पगार कापून मिळतो, कोणी सांगतं पोलिसांत जा. तो स्वतः म्हणतो की गृहकर्जाचे आणि पतसंस्थेचे हप्ते जाऊन हातात काही उरतच नाही, कोर्ट कापणार काय? पगारातून पैसे मिळतील का, किती, आणि कधी, असं तुम्ही विचारलं आहे.

मिळतील. पण सगळे नाही, आणि नुसत्या पगारावर विसंबलात तर अर्ध्या वाटेत दार बंद होईल. ते कसं, हे कळल्याशिवाय दरखास्त, म्हणजे निकालाप्रमाणे वसुली करून मागणारा अर्ज, दाखल करू नका. मी गेली सत्तावीस वर्षं दरखास्तींचं काम करतो. पगार जप्तीत लोकांचे पैसे बुडालेले मी पाहिले, ते बहुतेक वेळा ऋणकोच्या, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्याच्या, चलाखीमुळे नव्हे, तर आपल्याच बाजूने पहिल्या दिवशी हिशेब न मांडल्यामुळे.

आधी पोलिसांचं. पैशाचा दिवाणी हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा हुकूम, पोलीस वसूल करत नाहीत. चेक न वटल्याचा खटला असता तर ती वाट वेगळी होती. तुमच्या हातात दिवाणी हुकूमनामा आहे आणि त्याची अंमलबजावणी दिवाणी कोर्टातच, दरखास्त दाखल करून होते. हुकूमनामा अंमलात आणण्याजोगा झाला तिथपासून बारा वर्षांची मुदत असते. म्हणजे तुमच्याकडे सप्टेंबर २०३४ पर्यंत वेळ आहे. तरी थांबू नका. माणूस नोकरी बदलतो, जमीन भावाच्या नावावर करतो, निवृत्त होतो.

आता किती कापता येतं ते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधलं कलम ६० सांगतं की पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. उरलेला एक तृतीयांश जप्त होतो. पगार ४३,००० असेल तर हजार वजा करा, राहिले ४२,०००. त्याचा एक तृतीयांश म्हणजे १४,०००. महिन्याला जास्तीत जास्त एवढेच. अर्ध्या पगाराची गोष्ट लोकांच्या तोंडी आहे, कायद्यात नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र प्रमाण उलटं होतं: तिथे एक तृतीयांश पगार सुटतो आणि दोन तृतीयांश जप्त होऊ शकतो. बायको आणि मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे म्हणून.

हे एक हजार रुपये २००२ पासून तेवढेच आहेत, त्याआधी ही मर्यादा चारशे होती. ४३,००० पगाराच्या माणसाला त्याने फरक पडत नाही, पण १५,००० पगाराच्या माणसाचे ४,६६६ रुपये जातात तेव्हा त्याच्या घरात काय होतं ते मी पाहिलं आहे. ही रक्कम केव्हाच वाढायला हवी होती. मी वसुली करणाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो, तरी हे माझं प्रामाणिक मत आहे.

आता मुख्य मुद्दा. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की पगाराच्या जप्त होऊ शकणाऱ्या भागातला कोणताही हिस्सा सलग किंवा तुटक मिळून एकूण चोवीस महिने जप्तीत राहिला, की तो पुढचे बारा महिने जप्त करता येत नाही. आणि ही जप्ती एकाच हुकूमनाम्यापोटी असेल, तर चोवीस महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. बारा महिन्यांनी परत येऊन पुन्हा जप्ती लावू, असं तुमच्या हुकूमनाम्यात करता येणार नाही. हेतू समजण्यासारखा आहे: कर्जापायी माणसाने आयुष्यभर सावकारासाठीच राबावं असं कायद्याला नको होतं. पण यामुळे तुमच्या हातात मोजून चोवीस पगार आहेत.

तुमचं येणं मांडा. मूळ ३,६०,०००. सहा टक्क्यांनी वर्षाला २१,६०० व्याज, सहा वर्षांचं १,२९,६००. बेरीज ४,८९,६००. त्यात हुकूमनाम्यात लिहिलेला खर्च धरा, म्हणजे आकडा पाच लाखांच्या आसपास जातो, आणि वसुली होईपर्यंत उरलेल्या मुद्दलावर व्याज चालूच राहतं. पगारातून येणार १४,००० गुणिले चोवीस, म्हणजे ३,३६,०००. मधे पगारवाढ झाली तर थोडे जास्त. तुमच्या मुद्दलापेक्षाही हे कमी आहेत. म्हणून दरखास्तीत पगाराशिवाय दुसरी वाट पहिल्या दिवसापासून लिहिलेली हवी.

इथे एक चूक सांगतो, ती अगदी भल्या मनाची माणसं करतात. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक वयस्कर बाई होत्या. येणं दोन लाखांच्या घरात, ऋणको एका खासगी शाळेत लेखनिक. कोर्टात तो रडला, मुलीचं शिक्षण चालू आहे म्हणाला. बाईंना दया आली. पाच हजारांहून जास्त कापता आले असते, तिथे त्यांनी महिना तीन हजारांचा हप्ता जप्तीच्या हुकुमात लिहून घ्यायला संमती दिली. मीही अडवलं नाही. चोवीस महिन्यांनी ७२,००० रुपये जमा झाले आणि पगार सुटला. कायद्याचे शब्द नीट वाचा: ‘कोणताही हिस्सा’. तुम्ही पूर्ण तृतीयांश कापा किंवा त्यातले पाचशे रुपये, महिना एक म्हणूनच मोजला जातो. त्या बाईंचे उरलेले पैसे मला नंतर कधीच पूर्ण मिळवून देता आले नाहीत, आणि ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

तुम्हाला सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती जप्तीच्या बाहेर द्या. लेखी तडजोड करा, दरमहा ठरावीक रक्कम त्याने स्वतः कोर्टात किंवा तुमच्या खात्यात भरावी, ही तडजोड दरखास्तीत दाखल करा, आणि दोन हप्ते चुकले तर पगार जप्तीचा हुकूम निघेल असं त्यात लिहा. मग चोवीस महिने सुरूच होत नाहीत, ते राखीव राहतात. माणूस खरोखर प्रामाणिक असेल तर अशा तडजोडीत पूर्ण फेड होते. मात्र ‘माझा अर्धा पगार कापायला माझी हरकत नाही’ असं त्याच्याकडून आगाऊ लिहून घेऊन ठेवलं असेल, तर तो कागद उपयोगाचा नाही. कलम ६० चं संरक्षण सोडून देण्याचा करार कायद्याने रद्दबातल ठरतो.

आता दरखास्त कुठे करायची. इथे सरकारी आणि खासगी नोकरीत मोठा फरक आहे आणि चाकण तुमच्यासाठी अडचणीचं आहे. ऋणको सरकारी, रेल्वेचा किंवा झेडपी, नगरपालिकेचा कर्मचारी असता तर त्याच संहितेतल्या आदेश २१ च्या नियम ४८ खाली कराडचं कोर्ट थेट हुकूम काढू शकलं असतं, पगार वाटणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत असो वा नसो. खासगी नोकरीला नियम ४८-अ लागतो. १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या या नियमात अट आहे की पगार वाटणारा अधिकारी त्या कोर्टाच्या स्थानिक हद्दीत असला पाहिजे. चाकण खेड तालुक्यात, तिथलं कोर्ट राजगुरुनगरला. म्हणजे कराडच्या कोर्टाने हुकूमनामा अंमलबजावणीसाठी तिकडे पाठवावा लागेल. त्यासाठी कलम ३९ खाली अर्ज करा. सोबत हुकूमनाम्याची प्रत आणि अद्याप वसुली झाली नसल्याचं प्रमाणपत्र जातं.

पण त्याही आधी एक गोष्ट शोधा: पगार खरोखर चाकणहून निघतो का? कारखाना चाकणला, पगाराचं खातं मुंबईला किंवा बंगळुरूला, असं हल्ली सर्रास असतं. पगारपत्रकावर कंपनीचा कोणता पत्ता आहे, पगार कोणत्या कार्यालयातून बँकेत जमा होतो, हे कळलं पाहिजे. हुकूमनामा ज्या हद्दीत पाठवला तिथे पगार वाटणारा अधिकारीच नसेल, तर कंपनी हुकूम तसाच परत करते आणि वर्ष वाया जातं. आणि हुकूम कुणाच्या नावे निघतो हेही तितकंच महत्त्वाचं. एका प्रकरणात आम्ही हुकूम ‘व्यवस्थापक’ एवढंच लिहून पाठवला. तो कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर आठ महिने पडून होता. तेव्हापासून मी पदनाम, विभाग आणि पूर्ण पत्ता लिहिल्याशिवाय प्रोसेस फी, म्हणजे हुकूम बजावण्याची फी, भरत नाही.

सरकारी नोकर ज्यांचे ऋणको आहेत, त्या वाचकांसाठीही दोन वाक्यं. तिथे हुकूम आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या, म्हणजे पगाराची बिलं काढून पैसे वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नावे जातो. शिक्षक असेल तर गल्लत हमखास होते. झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार पंचायत समितीमार्फत निघतो. अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक बिल तयार करतात आणि ते वेतन पथकाच्या अधीक्षकांकडे जातं, म्हणून मी दोघांनाही हुकुमाची प्रत देतो. बदली झाली तर अंतिम वेतन प्रमाणपत्रावर जप्तीची नोंद आहे ना, हे जाऊन पाहा, नाहीतर नव्या कार्यालयात पूर्ण पगार सुरू होतो.

सरकारी पगारात आणखी एक मेख आहे. कायद्यात पगार म्हणजे महिन्याचं एकूण वेतन, पण सरकारने अधिसूचना काढून सुट दिलेले भत्ते त्यातून वगळायचे असतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता यांची अशी सुट आहे. त्यामुळे कागदावर ८०,००० दिसणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याचा जप्तीचा हिशेब त्याहून बऱ्याच खालच्या आकड्यावर होतो, आणि आपण मनात धरलेली रक्कम येत नाही. राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांबाबत त्यांना लागू असलेली अधिसूचना पाहूनच गणित करा. तुमच्या प्रकरणात ही भानगड नाही. खासगी नोकराला भत्त्यांची ही सुट लागत नाही, घरभाड्यासकट एकूण पगार धरायचा.

आता त्याच्या हप्त्यांचं. ‘हातात काही उरत नाही’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं आहे. जप्तीचा हिशेब हातात पडणाऱ्या रकमेवर नसतो, एकूण पगारावर असतो. गृहकर्जाचा हप्ता हा त्याचा आणि बँकेचा खासगी व्यवहार आहे, तो आधी वजा करून मग तृतीयांश काढायचा असं कायदा म्हणत नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी तर नियमच आहे की भविष्य निर्वाह निधीची वर्गणी, प्राप्तिकर आणि सरकारी येणं हे पगाराच्या जप्त न होणाऱ्या भागातून कापायचं. पतसंस्थेची गोष्ट जरा वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली सभासदाने लिहून दिलं असेल तर मालकाला पगारातून संस्थेचा हप्ता कापून द्यावा लागतो. म्हणून कंपनी म्हणेल, आम्ही आधीच कापतोय. त्यावर उत्तर हे की त्याच्याकडे २९,००० रुपये सुटलेले आहेत, संस्थेचा हप्ता त्यातून जाऊ द्या. कंपनीचं लेखी उत्तर आलं की तिथेच थांबू नका, कोर्टापुढे ठेवा आणि पगारपत्रक मागवा. संस्थेने वसुली दाखला घेऊन स्वतःच पगार जप्त केला असेल तर मात्र आधी किती महिन्यांची जप्ती झाली आहे हे विचारलंच पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या जप्तीचे चोवीस महिने नुकतेच संपलेले असतील, तर मधल्या बारा महिन्यांत तुमचा हुकूम लागणार नाही. आणि आधीची जप्ती चालू असताना तुम्ही आलात, तर ती रक्कम कोर्टात जमा होण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७३ खाली समप्रमाणात वाटणीचा अर्ज करा. जमा होऊन गेल्यावर आलेल्याला वाटा नाही.

कंपनीने हुकूम मिळूनही पूर्ण पगार दिला तर? नियम ४८-अ म्हणतो की हुकूम मालकावर बंधनकारक आहे, आणि हुकुमाविरुद्ध दिलेल्या रकमेला मालक स्वतः जबाबदार. हे लेखी कळवलं की बहुतेक मनुष्यबळ विभाग जागे होतात. नाही झाले तर ज्या महिन्याचे पैसे आले नाहीत, त्याच्या पुढच्याच तारखेला अर्ज करा. सहा महिने साचू देऊ नका, कारण मग ते महिने चोवीसांत धरायचे की नाहीत यावर वाद घालत बसावं लागतं.

त्याच्याकडून सगळ्यात मोठा आक्षेप येईल तो वेगळाच: ‘मी कामगार आहे.’ कलम ६० मध्ये मजुरांची आणि घरगड्यांची मजुरी पूर्णपणे सुटलेली आहे. त्यात कुशल, अकुशल, अर्धकुशल सगळे आले, बोनससुद्धा आला. हे योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण चाकण, रांजणगाव, भोसरीकडच्या प्रकरणांत प्रत्येक जण हा आक्षेप घेतो. पदाच्या नावाने काही ठरत नाही, तो प्रत्यक्षात काय करतो याने ठरतं. यंत्रावर स्वतः हातकाम करणारा ‘सिनियर ऑपरेटर’ सुटू शकतो. माणसांची हजेरी घेणारा, पाळ्या लावणारा, अहवाल लिहिणारा सुपरवायझर मजूर म्हणून सुटणं अवघड आहे. त्याचं नेमणूकपत्र आणि कामाचं स्वरूप सांगणारा कागद कंपनीकडून मागवण्याचा अर्ज दरखास्तीसोबतच तयार ठेवा. आणि त्याचं काम खरंच अंगमेहनतीचं निघालं, तर पगाराचा नाद सोडून दुसऱ्या वाटेला लागा.

सातारा, कोल्हापूरकडच्या लोकांना आणखी एक सांगायला हवं, कारण घरोघरी फौजी आहेत. भूदल, नौदल, हवाई दलाच्या कायद्यांखाली येणाऱ्या जवानाचे वेतन आणि भत्ते दिवाणी कोर्टाला जप्त करता येत नाहीत. त्याच्या बायकोच्या पोटगीसाठी सैन्याच्या स्वतःच्या कायद्यात कपातीची सोय आहे, पण उसनवारीसाठी नाही.

दरखास्त दाखल करताना तुम्हाला एक जास्तीची पायरी आहे. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेल्यामुळे आदेश २१ च्याच नियम २२ खाली त्याला आधी नोटीस निघेल. नोटीस मिळाली की खात्यातले पैसे काढले जातात, गाडी मेव्हण्याच्या नावावर जाते. नोटिशीमुळे वसुलीच फसेल असं दिसत असेल तर कारणं नोंदवून कोर्ट नोटीस टाळू शकतं, पण त्यासाठी ठोस काहीतरी दाखवावं लागतं: जाहिरातीला टाकलेली गाडी, विक्रीला काढलेली जमीन. नुसती शंका पुरत नाही.

आता दुसरी वाट. नियम ४१ हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत कमी वापरलेला आणि सर्वांत कामाचा नियम आहे. पैशाचा हुकूमनामा तीस दिवस फेडल्याविना राहिला की तुम्ही अर्ज करू शकता, आणि कोर्ट ऋणकोला आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावू शकतं. खाती, गाड्या, घर, जमीन, येणी, सगळं त्यात लिहावं लागतं. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. अनेकांची मिळकत मला या एका कागदातून सापडली आहे. तो कराड तालुक्यातला आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा गावाकडचा सातबारा आजच काढून पाहा. वडिलोपार्जित जमिनीत त्याचा हिस्सा असेल तर ती जमीन कराड कोर्टाच्याच हद्दीत आहे. शेतकऱ्याचं राहतं घर आणि शेतीची अवजारं सुटतात, जमीन सुटत नाही. जप्तीचा हुकूम होऊन सातबाऱ्यावर नोंद गेली की ती विकून तुमच्या हक्काला बाध आणता येत नाही. लिलावापर्यंत जायची वेळ क्वचितच येते. भाऊबंद वाटणीसाठी किंवा पीककर्जासाठी अडकले की तेच त्याला घेऊन तडजोडीला येतात.

पगारासाठी राजगुरुनगर आणि जमिनीसाठी कराड, असं दोन्हीकडे एकाच वेळी चालवता येतं का? येतं, पण कोर्टापासून न लपवता, परवानगी घेऊन, आणि एकीकडे जमा झालेली रक्कम दुसरीकडे तत्काळ कळवून. येण्यापेक्षा जास्त वसूल झालं तर दोष आपल्याकडे येतो.

बँक खात्यावर नियम ४६ खाली जप्ती लावता येते आणि ४६-अ खाली बँकेला नोटीस निघते. पण खातं केवळ पगाराचं असेल तर त्यात पगाराच्याच संरक्षणाचा वाद उभा राहतो. त्याची मुदत ठेव किंवा वेगळं बचत खातं सापडलं तर जास्त बरं. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, ग्रॅच्युइटी, आयुर्विम्याचे पैसे यांच्या मागे लागू नका, ते जप्त होत नाहीत. पेन्शनही नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मिळाल्यावर मुदत ठेवीत टाकले तरी त्यांचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सांगितलं आहे. यावरून लक्षात घ्या की नोकरीत असतानाचे त्याचे पगारच काय ते तुमच्या हाताला लागणारे आहेत. त्याच्या निवृत्तीला किती वर्षं उरली आहेत, तेही विचारा.

दिवाणी कैदेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. पैसे असूनही जाणूनबुजून देत नाही हे सिद्ध झालं तर पाच हजारांहून मोठ्या येण्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नुसतं फेडता आलं नाही म्हणून कोणाला आत टाकता येत नाही, हे जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केलं. त्याच्या जेवणाचा भत्ता तुम्हालाच भरावा लागतो, आणि तो आत जाऊन आला तरी कर्ज तसंच राहतं. मी हा अर्ज अगदी शेवटी करतो. आत गेलेल्या माणसाची नोकरी गेली तर आपला एक तृतीयांशही गेला.

पैसे हाताला लागायला किती दिवस लागतील? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, आणि मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात पुन्हा बजावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयापुढे आलेल्या माहितीत देशभरात ८.८२ लाखांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं दिसलं, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातल्या. तुम्ही प्रत्येक तारखेला या निकालांकडे लक्ष वेधा, त्याचा परिणाम होतो. तरी हुकूमनामा राजगुरुनगरला पोचून पहिला हप्ता जमा व्हायला वर्ष लागू शकतं, असं धरून चाला.

या काळात तो तुम्हाला हातात पाच-दहा हजार देऊ करेल. घ्या, पण पावती देऊन घ्या आणि लगेच कोर्टात कळवा. कोर्टाबाहेर दिलेले आणि कोर्टात न नोंदवलेले पैसे अंमलबजावणी करणारं कोर्ट मानत नाही. उद्या तो ‘मी रोख दीड लाख दिले’ म्हणाला तर हाच नियम तुमच्या बाजूने उभा राहील. त्याने दिलेले पैसे आपण मात्र लपवायचे नाहीत. त्याच्या कंपनीच्या दारात जाऊन चार माणसांत बोलू नका, फोनवर धमकी देऊ नका. हुकूमनामा तुमच्याकडे आहे, तुमच्यावर उलटी तक्रार करायची संधी त्याला कशाला द्यायची.

या आठवड्यात एवढं करा: हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढा, गावचा सातबारा पाहा, आणि त्याच्या एखाद्या सहकाऱ्याकडून पगारपत्रकावरचा पत्ता मिळतो का बघा. मग वकिलांकडे बसून नियम ४१ चा अर्ज आणि जमिनीची जप्ती कराडमध्ये, आणि हुकूमनामा पाठवण्याचा अर्ज त्याच्या सोबत, असं एकत्र दाखल करा. पगाराचा हुकूम निघेल तेव्हा त्यात १४,००० चा पूर्ण आकडा आणि पगार वाढेल तसा तो वाढेल असं वाक्य आलंय ना, ते प्रत हातात घेऊन स्वतः वाचा.